उलाँगचा डबा आणि तुमच्या दादांचं नाक

प्रिय भाऊजी,

वहिनीचे मनापासून आशीर्वाद. (वयानं मी तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण नात्यानं आशीर्वाद द्यायचा हक्क मिळालाय तो मी का सोडू?) तुमची तब्येत कशी आहे? जिभेला सारखे फोड यायचे ते थांबले का? जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतोय? जिना उतरताना उलटं उतरायला सांगितलंय म्हणे त्यांना. मी करून पाहिलं. समोर जिना दिसत नाही आणि मागे माणूस उभा असेल तर तो घाबरतो, बाकी ठीक आहे. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. पत्राच्या सुरुवातीला हे वाक्य लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पुढे वाचाल तसं खोडून टाकायला हरकत नाही.

अकरा वर्षांत माझं पत्र नाही आणि आज एकदम एवढं जाड पाकीट, म्हणून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत, आणि तिथेच तुमचे दादा दिवसभर खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांचे कान हल्ली मांजरासारखे झालेत. तुम्ही दोघं भाऊ अकरा वर्षं बोलत नाही, पण आम्ही दोघी जावा दर पंधरा दिवसांनी बोलतो हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. मी फोन ठेवला की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारतात, "कोणाचा होता?" मी म्हणते, "चुकीचा नंबर." अकरा वर्षं एकच चुकीचा नंबर लागतोय आणि दर वेळी अर्धा तास बोलतोय, तरी त्यांनी कधी पुढे विचारलं नाही. तर विषय आपल्या डब्याचा आहे. तुम्ही या महिनाअखेर निवृत्त होताय असं त्या चुकीच्या नंबराकडून कळलं, आणि तुम्ही निवृत्त व्हाल त्या दिवशी तो डबा उघडायचा असं तुमचं दोघांचं ठरलेलं आहे. पण डब्याचं सांगायच्या आधी नाकाचं सांगायला हवं.

तुमच्या दादांचं नाक गेलं, भाऊजी. म्हणजे जागेवर आहे, चष्मा त्याच्यावरच असतो, पण आत काही पोचत नाही. हिवाळ्यात आठ दिवस ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचा चहा तोंडात घेऊन पिकदाणीत थुंकला आणि त्याच्यावर घर चालवलं (माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही, दिवसभर थुंकायची नोकरी असते हे), त्याला आता चहा आणि गरम पाणी यांत फक्त रंगाचा फरक कळतो. आणि यांनी मला सांगितलं का? नाव नको! दोन महिने मला पत्ता लागू दिला नाही. जेवताना मान हलवायचे, कपात नाक घालून डोळे मिटायचे, "हं" म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ उघडली ती अशी. मी गॅसवर दूध ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले होते. हे स्वयंपाकघरातच टेबलाशी शब्दकोडं सोडवत होते. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच सुरू. मी खाली आले तर जिन्यातच वास. दार ढकललं तर आत श्वास घेववेना, आणि हे आपले खिडकी बंद करून बसलेत आणि मला विचारतात, "पाच अक्षरी, 'धोक्याची जाणीव', शेवटचं अक्षर ना." भाऊजी, मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि मग जिन्यात बसून रडले. यांना काय झालं तेच कळेना. मग माझ्या तोंडाकडे पाहून कळलं. तेव्हा म्हणाले, "दोन महिने झाले." बस्स, एवढंच. (उत्तर 'पूर्वसूचना' होतं. नंतर त्यांनीच भरलं. कोडं अर्धवट सोडायचं नाही म्हणे.)

नाकाचे डॉक्टर भले गृहस्थ आहेत. त्यांनी आत दिवा घालून पाहिलं आणि म्हणाले की वासाची नसच दगावली आहे, येईल तर येईल. चार बाटल्या दिल्या, लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास मनाशी आठवायचा. हे रोज करतात. चाखणीच्या टेबलाशी बसत तसे ताठ बसतात, बाटली हुंगतात आणि वहीत लिहितात. मी एकदा चोरून वही पाहिली. पानंच्या पानं, त्याच सुरेख अक्षरात: नाही, नाही, नाही, नाही. एका पानावर फक्त 'लवंग?' असं होतं आणि पुढे ते खोडलेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग ते वाचनालयातले वर्ग? (जाऊबाईंनी सांगितलं असेलच. तुमच्या घरातही चुकीचे नंबर लागत असतील.) ताप येण्याच्या आधीच यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, एका आड एक शनिवारी, सकाळी दहा वाजता, 'उलाँगची तोंडओळख: जिज्ञासू चहाबाजांसाठी'. पाटी रंगवून झाली होती, वीस जणांनी नावं दिली होती. नाक गेल्याचं उघड झाल्यावर हे म्हणाले, कळवून टाकतो, बंद. मी म्हटलं, अजिबात नाही. घरी बसून बाटल्या हुंगण्यापेक्षा तिथे उभे राहा. बोलायचं तुम्ही, हुंगायचं मी. आता माझं चहातलं ज्ञान तुम्हाला माहीत आहे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी यांच्या जपून ठेवलेल्या पानांत दूध-साखर घालून खळखळून उकळलं होतं आणि तुम्ही दोघं भाऊ मयताला आल्यासारखे पातेल्याकडे बघत उभे होतात. अजूनही दुपारी हे झोपले की मी माझा तोच चहा करते. पण गरज पडली की माणूस काय शिकत नाही?

तर ऐका, उलाँग म्हणजे काय ते तुमची वहिनी तुम्हाला शिकवते. (हसू नका. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही खुर्चीत बसवलं असतं.) हिरवा चहा म्हणजे पान खुडलं की लगेच तापवून जागच्या जागी थांबवलेलं. काळा म्हणजे त्याला काळं पडेपर्यंत पडू दिलेलं. उलाँग या दोघांच्या मधला. पान सुकवायचं, टोपलीत हलवून हलवून त्याचे काठ दुखवायचे, म्हणजे काठ लाल होतात आणि मधला भाग हिरवा राहतो. मग नेमक्या वेळी आच देऊन थांबवायचं. कधी थांबवायचं ते यंत्र सांगत नाही, घड्याळ सांगत नाही. नाक सांगतं. थोडं आधी थांबवलं तर गवत, थोडं उशिरा थांबवलं तर नुसता काळा चहा. मग पानं वळून गोळ्या करायच्या, कुणी भाजतं, कुणी तशाच ठेवतं. पिताना झाकणाच्या छोट्या कपात चांगली चमचाभर पानं, वर कडक पाणी. पहिलं पाणी लगेच फेकायचं, धूळ जावी म्हणून. मग थोडा थोडा वेळ ठेवून त्याच पानांवर सहा-सात वेळा पाणी घ्यायचं, आणि प्रत्येक पाण्याची चव वेगळी. एकदा वापरलेली पानं फेकायची नाहीत हे ऐकून वर्गातल्या सगळ्या बायका एकदम सरसावून बसल्या. शेवटी पान उघडून हातात घेऊन बघायचं. चांगलं पान पुन्हा खुडल्यासारखं अख्खं उलगडतं.

आमची युक्ती अशी. घरी आदल्या दिवशी मी प्रत्येक चहा हुंगून यांना सांगायचं की कशासारखा लागतो, आणि वर्गात आयत्या वेळी बदल झाला तर खुणा: चष्म्याला हात म्हणजे फुलं, कानाला हात म्हणजे भाजका, हनुवटीला हात म्हणजे फळ. पंचाईत झाली ती माझ्या शब्दांची. मला कुठे येतात तुमचे ते चाखणीचे शब्द? मी सांगायची, हा इस्त्री केलेल्या उशीच्या खोळीसारखा, हा नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीसारखा, हा पाहुणे गेल्यावर बंद केलेल्या खोलीसारखा. हे कपाळाला हात लावायचे, पण दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? तसंच म्हणायचे. आणि लोक वेडे झाले! पुढच्या रांगेत एक बाई आहेत, त्या सगळं वहीत उतरवतात, आम्ही त्यांना वहीवाल्या म्हणतो. त्या 'उशीची खोळ' लिहिताना डोळे पुसत होत्या. एक निवृत्त दंतवैद्य आहेत, ते म्हणाले, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलो पण असं चवीचं वर्णन ऐकलं नाही. तुमच्या दादांनी नाकानं कांदे सोलले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही, आणि नाक गेल्यावर टाळ्या. घरी येताना मी हसत होते. ते हसत नव्हते. म्हणाले, "शब्द तुझे, नाक तुझं, मी कशाला लागतो तिथे?" पिशवी त्यांच्याजवळ होती, ती मी घेतली, एवढंच.

मग झाली ती तिसऱ्या वर्गाची गोष्ट. कोरड्या पानांचा वास कसा घ्यायचा ते शिकवायचं होतं. कप गरम पाण्यानं तापवायचा, पाणी ओतून टाकायचं, त्यात कोरडी पानं टाकून झाकण लावायचं, हलवायचं, आणि झाकण फटीपुरतं सरकवून नाक लावायचं. उघडून आत बघायचं नाही, वास उडतो. पानं टाकायचं काम माझं. मी कप तापवला, पाणी ओतलं, आणि तेवढ्यात वहीवाल्या बाईंनी विचारलं की एकदा तापवलेलं पाणी पुन्हा तापवलं तर चालतं का. मी उत्तर द्यायला वळले आणि परत वळून सरळ झाकण लावलं. कपात पान नाही, पूड नाही, काही नाही. यांनी तो कप नाकाशी नेला, डोळे मिटले (ते मिटणं अजून पहिल्यासारखंच आहे), आणि माझ्या आदल्या दिवशीच्या सांगण्याप्रमाणे बोलले, फुलं आहेत, फुलांच्या मागे ओलं लाकूड आहे, आणि अगदी शेवटी लोणी. मग कप फिरला. दंतवैद्य म्हणाले, "अहाहा, जर्दाळू." शेजारचे शिक्षक म्हणाले, "लोणी स्पष्ट येतंय." वहीवाल्या बाईंना तर आपल्या मावशीच्या कपाटाची आठवण आली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण वीस जणांच्या पोहऱ्यात आलं! सगळ्यात शेवटी एक लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात, कामाच्या कपड्यांत येतात, कधी बोलत नाहीत. त्यांनी कप हुंगला, पुन्हा हुंगला आणि म्हणाले, "साहेब, मला नुसता गरम कपाचा वास येतोय." आणि झाकण काढून कप उलटा धरला.

भाऊजी, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. तुमच्या दादांनी त्या कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्यांदा हसले. म्हणाले, "शाबास! याचसाठी रिकामा ठेवला होता. आजचा धडा हाच. दुसऱ्यानं सांगितलेला वास घेऊ नका, आपल्या नाकाला विचारा." टाळ्यांचा नुसता कडकडाट. वहीवाल्या बाईंनी खाली दोन रेघा मारल्या. निभावलं, म्हणजे असं निभावलं की पुढच्या वर्गाला आणखी सात नावं आली. वर्ग संपल्यावर मी किटली पुसून खाली आले तर हे वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसलेले, पायांशी पिशवी, हात गुडघ्यांवर. मी शेजारी बसले. म्हणाले, "तो लिफ्टवाला धाकट्यासारखा आहे."

अकरा वर्षांत तुमचा उल्लेख यांच्या तोंडून निघाला तो हा. तुमच्या भांडणाच्या दिवशी चाखणीच्या खोलीत काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलंय, पण मधला भाग दोन्हीकडे सारखाच आहे. पांढऱ्या कपांची रांग, हाताखालची दहा माणसं उभी, यांनी तो माल पास केलेला, आणि तुम्ही चमचाभर तोंडात घेऊन थुंकलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "दादा, हा मेलेला चहा आहे." आणि होताच मेलेला, ओल धरलेली होती. तुम्ही चुकला असतात तर यांनी महिन्याभरात माफ केलं असतं. तुम्ही बरोबर होतात, म्हणून अकरा वर्षं लागली. (तुम्हीही काही कमी नाही. खोलीच्या बाहेर बोलावून कानात सांगता आलं असतं. पण चहाच्या बाबतीत तुमची जीभ वळत नाही, मग समोर देव असो की भाऊ.)

आणि तरीही डब्याचं काम यांनी कधी चुकवलं नाही, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही दोघं नवे नवे चाखणारे म्हणून नोकरीला लागलात त्या वर्षी घेतलेलं ते उलाँग, तेव्हा पोरं होतात तुम्ही, धाकटा निवृत्त होईल तेव्हा उघडू म्हणून झाकणाला मेण लावून ठेवलेलं. दर तीन वर्षांनी ओल जायला पुन्हा मंद भाजायचं, ते आधी तुम्ही दोघं मिळून करायचात. भांडणानंतर हे एकटेच करू लागले. वेताची टोपली, विजेची शेगडी, सहा तास. दार बंद. त्या दिवशी घरात फोडणी नाही, केसांना तेल नाही, साबण नाही आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या भाजणीला मी दाराबाहेरून नुसतं "जेवायला वाढू का" विचारलं होतं, तर तुम्ही दोघांनी मिळून मला असं झापलंत की तेव्हापासून भाजणीच्या दिवशी मी मुकी असते.

आता मी जे लिहिते आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही. या वेळची भाजणी हिवाळ्यात झाली. तापानंतर पंधरा दिवसांनी, आणि गॅसच्या प्रकाराच्या दीड महिना आधी. म्हणजे यांना नाक नव्हतं आणि मला ते माहीत नव्हतं. तुमच्या निवृत्तीचं वर्ष म्हणून शेवटची भाजणी, ती कशी सोडणार? बसले दार लावून. मी शेजारच्या खोलीत मटार सोलत होते. चौथ्या तासाला वास बदलला. आधी गोड येत होता, मग पाव करपल्यासारखा, मग राखेचा. मला कळलं, भाऊजी. मला, पातेल्यात उकळून चहा पिणाऱ्या बाईला कळलं की हे जळतंय. मी उठले, दारापर्यंत गेले, हात वर केला. आणि मनात आलं, आपल्याला काय कळतं, ते आत बसलेत ना, त्यांच्या नाकापुढे आपलं नाक काय, उगीच बोलणी खाऊ. परत येऊन मटार सोलायला बसले. दोन तास! त्या दाराला कडीसुद्धा नव्हती. एक हाक मारली असती तर तुमची तीस वर्षं वाचली असती. रोज उठल्यावर मला पहिलं तेच आठवतं आणि मटार तर मी तेव्हापासून आणलेच नाहीत.

भाजल्यावर चार महिने डबा झोपवायचा आणि मग चिमूटभर चाखून बघायचं, हा तुमचाच नियम. वाचनालयाच्या पायऱ्यांवरून घरी आल्यावर यांनी डबा काढला, चिमूट मला दिली आणि म्हणाले, "तू कर, मला सांग." मी केला. भाऊजी, विझलेल्या शेगडीत पाणी ओतल्यावर येतो तो वास. दुसरं काही नाही, पहिल्या पाण्याला तेच आणि पाचव्याला तेच. हे समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, ज्या डोळ्यांनी आपण डॉक्टरकडे बघतो त्या डोळ्यांनी. मी म्हटलं, "छान झालाय." म्हणाले, "कशासारखा?" मी म्हटलं, "जुन्या लाकडी पेटीसारखा, आणि आत कुणीतरी मध ठेवलाय." यांनी डोळे मिटले. मग पान बघायला हात पुढे केला. आणि जळलेलं पान काही केल्या उघडत नाही, कोळशाच्या बारीक गोळ्या तशाच्या तशा! मी ओट्याकडे वळले, सकाळच्या वर्गातली वापरलेली पानं पिशवीत होती, त्यातलं एक सुरेख उलगडलेलं पान यांच्या तळहातावर ठेवलं. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसले. म्हणाले, "धाकट्याला आवडेल." मग आत जाऊन झोपले, आणि तुमच्यासाठी डब्याच्या झाकणाला पुन्हा मेण लावायचं काम माझ्याकडे आलं.

तर असं सगळं मजेत आहे. जाऊबाईंना सांगा, गुडघ्याला शेक गरम नको, कोमट द्या. कळावे, लोभ आहेच, तो अकरा वर्षं चुकीच्या नंबरावर जपून ठेवलाय.

तुमची,
वहिनी

ता. क. मुख्य राहिलंच. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी तुम्ही या. बोलावलं नाही म्हणून रुसून बसू नका, हे बोलावणंच आहे. हे डबा तुमच्या समोर ठेवतील, मी पाणी तापवीन, आणि तुम्ही तो राखेचा घोट घेऊन म्हणायचं की दादा, छान झालाय. मला माहीत आहे मी काय मागतेय. तुम्ही चहाबद्दल कधी खोटं बोलला नाहीत म्हणून भाऊ गमावलात. पण म्हणूनच तुमच्या एका शब्दावर यांचा विश्वास बसेल, माझ्या शंभरांवर बसणार नाही. एकदाच, भाऊजी. पानं मी लगेच उचलीन, तुम्ही फक्त त्यांच्याकडे बघत राहा.

ता. क. दुसरा. हे पत्र टपालपेटीत टाकायला मी यांच्याच हाती देतेय, माझी टाच दुखतेय. काळजी नको, पाकीट डिंकानं घट्ट बंद केलंय, आणि दुसऱ्याचं पत्र उघडणाऱ्यातले ते नव्हेत.

ता. क. तिसरा. दादा लिहितोय. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच, पण पाणी किती तापवायचं ते मला कळतं. आधी एक चूक दुरुस्त करतो: पहिलं पाणी धुळीसाठी फेकत नाहीत, पान जागं व्हावं म्हणून फेकतात. हे मी तिला चार वेळा सांगितलंय. चहा जळालाय हे मला त्या दिवशीच कळलं. तिनं हातावर ठेवलेल्या पानाचे काठ लाल होते, तीस वर्षांच्या पानाचे तसे राहत नाहीत. माझं नाक गेलंय, डोळे आहेत. पण ती दाराशी आली होती आणि परत गेली हे मला आज वाचून कळलं. मटार का येत नाहीत तेही. तेव्हा तू ये, पण ती सांगते ते खोटं बोलू नकोस. मी सांगतो ते बोल. घोट घे, थुंक, आणि तिच्यासमोर, त्या दिवशी म्हणालास तसंच मोठ्यानं म्हण: "दादा, हा चहा भाजायच्या आधीच मेला होता. तुझ्या डब्यात ओल शिरली होती." मी चिडेन, नीट चिडेन, तू माघार घेऊ नकोस. तू चहाबद्दल खोटं बोलत नाहीस हे तिलाही माहीत आहे. पाकीट परत चिकटवतोय. किटलीवर धरताना त्याला करपल्याचा वास लागला असेल तर उन्हात ठेव, मला इथे काही कळत नाही.